खडकमाळच्या टाकीतला खून

१

खडकमाळच्या पाझर तलावातले मासे भर दुपारी मेले. या सगळ्या प्रकरणातली पहिली महत्त्वाची गोष्ट हीच होती, पण ती महत्त्वाची आहे हे ओळखायला ज्योत्स्ना गायधनीच लागल्या.

साल २००३. दसरा होऊन आठवडा उलटला होता. नाशिकच्या एका कॉलेजात बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून ज्योत्स्नाबाईंनी नोकरी सोडली होती आणि आता त्या गावोगावचं पाणी तपासून देत. कुठे विहीर बिघडली, कुठे टाकीला वास आला, की लोक 'पाण्याच्या बाईं'चा पत्ता विचारत येत. त्या सकाळी लंकाबाई आली होती. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हातात पाण्याची बाटली घट्ट धरलेली.

"समदे पालथे झाले, बाई. रोहू म्हनू नका, कटला म्हनू नका. तलाव पांढराफेक दिसतोय."

खडकमाळ हे सिन्नरकडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं गाव. वसाहतीतले कारखाने आणि कामगारांची कॉलनी यांचं सांडपाणी उद्योजकांच्या संघाच्या केंद्रात शुद्ध होई आणि तिथून गावच्या तलावात सोडलं जाई. पाऊस रुसलेल्या त्या वर्षी तलाव भरलेला होता तो याच पाण्यावर. त्यात गावातल्या बायकांचा गट मासे पाळायचा. लंकाबाई त्या गटाची पुढारी.

"मासे मेले कधी? पहाटे?"

"नाय, नाय. भर दुपारी. मी सोता काठाला भाकर खात व्हते. ऊन डोक्यावर आलं आन् एकेक वर यायला लागला."

ज्योत्स्नाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर मासे पहाटे मरतात. रात्रभर शेवाळ प्राणवायू खात असतं आणि उजाडताना पाणी अगदी रितं झालेलं असतं. दुपारी मासे मारतो तो अमोनिया. उन्हात हिरव्या पाण्याचा क्षारपणा वाढतो, आणि एरवी निमूट असलेला अमोनिया तेव्हा विषारी होतो.

"कुणाचं नाव घेतायत लोक?"

"केंद्रातल्या भोये इंजिनेराचं. पेठकडचा पोरगा हाय. त्यानं कायतरी नवी पद्धत काढली, टाकीतली हवा तोडली, म्हनून घान पानी आलं म्हनत्यात. त्याला घरी बसवलाय." लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्यातल्या त्यात देवरे साहेब देवमानूस. मॅनेजर हायेत. तवाच गाडी घिऊन तलावावर आले. म्हनले, लंकाबाई, महिनाभर नवी बोटुकली सोडू नका, पानी सुधरायचं नाय. आमी बोटाएवढी पिल्लं सांगून ठेवली व्हती, ती थांबवली. न्हायतर ती बी गेली असती."

ज्योत्स्नाबाईंनी तिच्या बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. चांगलं पाणी असतं तर जेमतेम पिवळसर झालं असतं. हे पाणी काळ्या चहासारखं झालं.

"लंकाबाई, तुमचे मासे नंतर मेले," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आधी दुसरंच कुणीतरी मेलंय. चला, बघू या."

२

मेलेल्या माशांच्या पाट्या बायकांनी केंद्राच्या फाटकात आणून ओतल्या होत्या, त्यामुळे संघाच्या अध्यक्षांना बाहेरचा तपासनीस नको म्हणायची सोय उरली नव्हती. सावळीराम देवरेंनी तर ज्योत्स्नाबाईंचं हसून स्वागत केलं. साठीकडे झुकलेला, पांढरे कपडे, केंद्राची पहिली वीट बसली तेव्हापासून इथेच असलेला माणूस. त्यांनी टेबलावर डाळिंब फोडून ठेवलं.

"घ्या मॅडम. सटाण्याच्या मळ्यातलं शे, घरचं." मग हसून त्यांनी भाषा सावरली. "आमच्या मळ्यात डाळिंबाशिवाय दुसरं झाड दिसणार नाही तुम्हाला. भगवं सोनं आहे."

डाळिंब खरोखर गोड होतं. ते खाऊन झाल्यावर देवरेंनी केंद्र दाखवलं; अध्यक्षही बरोबर आले. हवा फुंकणाऱ्या मोठ्या यंत्रांवर दसऱ्याच्या झेंडूच्या माळा वाळून लोंबत होत्या.

"पूजा जोरात झालेली दिसतेय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"साहेबांनी सोता केली," बारकू नावाचा पाळीवरचा ऑपरेटर अभिमानानं म्हणाला. "फुलांच्या गोन्या पन त्यांनीच गाडीतनं आनल्या. आमाला हात लावू दिला नाय."

पुढे मुख्य टाकी होती. तपकिरी पाणी खदखदत होतं. त्या तपकिरी रंगात जिवंत जंतूंची अफाट वस्ती असते आणि केंद्राचं सगळं काम तीच करते. काही जंतू घाण खातात. काही जंतू हवेच्या मदतीनं अमोनियाचं नायट्रेट करतात. जुन्या केंद्रांत काम तिथेच थांबतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर बाहेर जातं. पण टाकीच्या एका भागात हवा दिली नाही, तर तिथले जंतू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात, आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन हवेत निघून जातो. सुनील भोयेनं नेमकं हेच साधलं होतं. टाकीच्या सुरुवातीच्या भागातले हवेचे व्हॉल्व्ह त्यानं बंद केले आणि भंगारातून दुरुस्त केलेल्या पंपानं शेवटचं पाणी परत सुरुवातीला आणलं. नवं बांधकाम काही नाही. तलावाचा नायट्रोजन निम्म्याहून खाली आला होता.

"प्रयोग चांगला होता, मी नाही म्हणत नाही," देवरे म्हणाले. "पण तरुण रक्त. हवा जास्तच तोडली. आता मी सगळे व्हॉल्व्ह उघडलेत. अध्यक्षांनाही सांगितलं, दोन दिवसांत पाणी ताळ्यावर येतं."

ज्योत्स्नाबाईंनी दोरीला बांधलेल्या डब्यानं टाकीतला गाळ काढला आणि सरळ नाकाशी नेला. देवरेंनी तोंड वाकडं केलं. पण गाळाला नुकत्या नांगरलेल्या शेताचा वास येत होता. मग त्या पाणी बाहेर पडतं तिथे गेल्या. पाणी नितळ होतं, तळाचं सिमेंट दिसत होतं.

"देवरे साहेब, हवा कमी पडली असती तर गाळ काळा झाला असता, सडक्या अंड्याचा वास आला असता, पाणी गढूळ झालं असतं. इथे घाण खाणारे जंतू ठणठणीत आहेत. नायट्रेट खाणारेही असावेत. मेलेत ते फक्त अमोनिया खाणारे. एकच घराणं निवडून मारलंय."

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे हवा कुणी तोडली नाही. तुमच्या टाकीत कुणीतरी विष घातलंय."

३

सुनील भोये केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. कामावर जायची बंदी होती, पण टाकीपासून लांब जायला त्याचं मन घेत नव्हतं.

"दसऱ्याला मी इथे नव्हतो, मॅडम. खंडेनवमीच्या संध्याकाळी गाडी पकडून पेठला गेलो. घरी भात कापणीला आलाय. दसऱ्याला अख्ख्या पाड्याबरोबर होतो. निघालो तेव्हा अमोनिया नावापुरता होता."

"परत आलास आणि?"

"काही दिवसांनी तलावाचं कळलं. देवरे साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय केलंस रे? मी उत्तर देईपर्यंत लोकांचं ठरूनही गेलं होतं." तो कप फिरवत राहिला. "जंगलातला माणूस शहरातली टाकी कशी चालवणार, असं एकजण म्हणाला. साहेबांनी त्याला गप्प केलं. पण हळूच."

"सविता सांगळे तुझ्यावर रागावलेली आहे म्हणे."

"तिचा राग खरा आहे. पंप परत फिरवायची कल्पना तिची. पुण्याच्या परिसंवादाला दोघांनी जायचं होतं. शेवटी मला एकट्याला पाठवलं."

सविता ही केंद्राची केमिस्ट. तिनं काही झाकून ठेवलं नाही.

"हो, रागावलेय. देवरे साहेबांनी यादीतून माझं नाव काढलं आणि मला सांगितलं की सुनीलनंच काढायला लावलं. पण म्हणून मी जंतू मारीन? मीच वाढवलेत ते." तिचा आवाज चढला. "दसऱ्याला मी माहेरी, मालेगावला होते. परत आले तेव्हा तलावाचा गोंधळ चाललेला. साहेब म्हणाले हवा कमी पडली, मलाही पटलं. म्हटलं, हवा वाढवलीय, उद्यापर्यंत अमोनिया उतरेल. उतरलाच नाही. मला काही कळेना."

"तुमच्या रजेतलं पाणी कुणी तपासलं?"

"कुणीच नाही. पण रोजचे नमुने बारकू फ्रिजमध्ये ठेवतो. ते आहेत."

ज्योत्स्नाबाईंचे डोळे चमकले. "एकही बाटली ओतू नका. आणि मला सांगा, अमोनिया खाणारे जंतूच मारणारं काही तुमच्याकडे आहे?"

सविता उठली. मग तिनं कपाट उघडलं. "एक आहे. अलिल थायोयुरिया. एका चाचणीत हे जंतू मध्ये येऊ नयेत म्हणून आम्ही चिमूटभर..." तिचा हात वरच्या फळीवर थांबला. फळीवर बाटलीच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता. बाटली नव्हती.

केंद्राच्या कुंपणापलीकडे पुंजारामची द्राक्षबाग होती. छाटणी आटोपली होती, काड्यांच्या डोळ्यांवर, कोंब फुटतात तिथे, पेस्ट लावायचं काम चालू होतं. बाईंना पाहताच पुंजाराम आडवा आला.

"त्या पोराची बाजू घ्यायला आलाय का? त्याच्या पद्धतीनं आमचं नुकसान झालं. आधी पान्यात फुकटचं खत यायचं."

"म्हणजे तुम्ही केंद्राचं पाणी घेता?"

पुंजारामनं खाली पाहिलं. कुंपणाखालून जाणारा काळा पाइप त्याच्या पायाशीच होता. ज्योत्स्नाबाईंनी पाइपकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि शेडकडे नजर टाकली. तिथे रिकाम्या जागेशेजारी पोती रचलेली होती. पोत्यांवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: थायोयुरिया.

"हे कशाला?"

"डोळे फुटायला. द्राक्षाला सगळेच वापरत्यात."

"यातली पोती कमी झालीत का?"

"मला काय म्हाईत!" म्हणून पुंजाराम वळला आणि बागेत शिरला. त्याची मान घामानं ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवरेंचा फोन आला. आवाज दुःखी होता.

"मॅडम, लवकर या. वाईट वाटतं सांगायला. सविताची बाटली सापडली. सुनीलच्या कपाटात. कुलूपही नव्हतं. रिकामी."

४

ज्योत्स्नाबाई मात्र आधी केंद्रात गेल्याच नाहीत. त्या दुसऱ्याच एका केंद्रात गेल्या, तिथून निरोगी गाळाचा कॅन भरून घेतला, आणि मग खडकमाळच्या प्रयोगशाळेत येऊन ओट्यावर काचेचे चंबू मांडले. प्रत्येकात तोच जिवंत गाळ आणि तेवढाच अमोनिया. फरक एवढाच की प्रत्येक चंबूत फ्रिजमधल्या वेगळ्या दिवसाचं पाणी घातलं. तळाशी हवेच्या नळ्या सोडल्या.

"आता ज्या दिवसाच्या पाण्यात विष आहे, त्या चंबूतले जंतू काम बंद करतील," त्या सविताला म्हणाल्या.

"आणि आपल्याला तारीख मिळेल," सविता हळूच म्हणाली.

दोघी चहा पीत थांबल्या. सविता बोलत होती. कपाटाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर असते, कुणीही काढू शकतं, पण ऑफिसात यायचं तर केंद्राचाच माणूस हवा, वगैरे. सुनील बाहेर फाटकाशी उभा होता. रिकाम्या बाटलीची बातमी गावात पोचली होती, आणि खडकमाळचे चार लोक त्याच्याभोवती जमून मोठ्यानं बोलत होते. एकानं त्याच्या शर्टाला हात घातला. ज्योत्स्नाबाई बाहेर जाणार एवढ्यात लंकाबाई मध्ये शिरली.

"मासं माजं मेलंय का तुजं?" ती त्या माणसावर ओरडली. "बाई तपास करतीय ना? मग हात खाली घे."

हात खाली गेला. सुनील खाली मान घालून उभा राहिला, पण हलला नाही.

दुपारी चंबूंतल्या पाण्यात थेंब टाकले. खंडेनवमीच्या दिवसाचं पाणी असलेला चंबू फिका राहिला. जंतूंनी अमोनिया संपवला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं पाणी असलेला चंबू गडद तपकिरी झाला. सविता खुर्चीत मागे टेकली.

"दसऱ्याच्या दिवशी," ती म्हणाली. "सुनील पेठला. मी मालेगावला."

"आता सगळ्यांना बोलवा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "अध्यक्ष, देवरे साहेब, बारकू, सुनील. पुंजारामलाही. आणि लंकाबाई पुढच्या खुर्चीत बसेल."

५

टाकीच्या कडेला सावलीत खुर्च्या मांडल्या. ज्योत्स्नाबाई उभ्याच राहिल्या. कॉलेजात शिकवताना उभ्या राहायच्या तशा.

"आधी या बाटलीबद्दल बोलू." त्यांनी रिकामी बाटली वर धरली. "ही सुनीलच्या कपाटात सापडली. बाटलीत मावतं किती? ओंजळभर. समोरच्या टाकीत दहा लाख लिटर पाणी आहे. एवढ्यानं यातले जंतू शिंकणारही नाहीत. टाकी मारायला पोती लागतात, बाटली नाही. म्हणजे ही बाटली विषाची नाही. ही आपल्याला दाखवण्यासाठी ठेवली. का? मी काल इथे विष म्हणाले म्हणून. पण कोणतं विष, ते मी बोलले नव्हते. बाटली ठेवणाऱ्याला मात्र बरोबर त्याच जातीचं औषध सुचलं. कारण टाकीत काय पडलं ते त्याला ठाऊक होतं."

"सविताला माहीत होतं," अध्यक्ष म्हणाले.

"सविता स्वतःच्या कपाटातली बाटली चोरून स्वतःवरच संशय ओढून घेईल? आणि सुनील स्वतःच्या कपाटात पुरावा ठेवून कुलूप न लावता जाईल? शिवाय विष पडलं दसऱ्याला. चंबू आत आहेत, कुणीही बघा. त्या दिवशी हे दोघेही इथे नव्हते."

मग त्या पुंजारामकडे वळल्या. पुंजारामनं टोपी काढून हातात घेतली.

"हे इथे होते. यांच्या शेडमध्ये थायोयुरियाची पोती आहेत. सुनीलच्या पद्धतीवर रागही आहे. मलाही क्षणभर वाटलं, सापडला. पण पुंजारामला सुनीलचं कपाट कुठलं हे कसं कळणार? ऑफिसात त्यांना कुणी येऊ देत नाही. आणि प्रयोगशाळेतली बारीक अक्षरांची बाटली आणि शेडमधलं पोतं ही एकाच घराण्यातली, हे त्यांना कोण सांगणार?" त्या थोड्या खाली वाकल्या. "पाइपचं आपण नंतर बघू, पुंजारामभाऊ. त्यासाठी तुम्हाला कुणी फाशी देत नाही. पण पोती कुणी नेली?"

पुंजारामनं देवरेंकडे पाहिलं. देवरे शांतपणे हसत होते.

"दोन नेली," पुंजाराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दसऱ्याच्या आदल्या दिशी. देवरे साहेबांनी. म्हनले, मळ्यात औंदा द्राक्षं लावलीत. त्यांनी माझा पाइप कवाच धरला नाय, म्हनून मी बोललो नाय. कशाला नेली ते मला खरंच म्हाईत नव्हतं."

"देवरे साहेब, मला तुम्ही सांगितलं होतं, तुमच्या मळ्यात डाळिंबाशिवाय झाड नाही."

"मॅडम, पुंजारामचा शब्द तो काय?" देवरे म्हणाले. "पाणीचोर माणूस. आणि गोण्या मी आणल्या त्या झेंडूच्या. बारकूला विचारा."

"बारकूला हात लावू दिला नाहीत. माळांची चार फुलं आणायला मॅनेजरनं स्वतः गोण्या उचलाव्यात, याचं बारकूला कौतुक वाटलं. मला नवल वाटलं. पण ठीक आहे. पुंजारामचा शब्द बाजूला ठेवू. लंकाबाई, मासे मेले त्या दुपारी देवरे साहेब तलावावर आले होते ना? काय म्हणाले, जसंच्या तसं सांगा."

लंकाबाई गोंधळली. "चांगलंच म्हनले. महिनाभर बोटुकली सोडू नका, पानी सुधरायचं नाय."

"आणि अध्यक्षसाहेब, त्याच संध्याकाळी तुम्हाला काय सांगितलं?"

"हवा कमी पडली होती, व्हॉल्व्ह उघडलेत, दोन दिवसांत ताळ्यावर येईल," अध्यक्ष म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला.

ज्योत्स्नाबाई थेट देवरेंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हवा कमी पडली तर हे जंतू नुसते थंडावतात. हवा दिली की दोन दिवसांत कामाला लागतात. सविताला तेच वाटलं, म्हणून अमोनिया उतरेना तेव्हा ती चक्रावली. पण जंतू मेले असतील तर नवी वस्ती वाढायला महिना जातो. जगाला तुम्ही दोन दिवस सांगितले आणि लंकाबाईला महिना. तोवर कुणी एक थेंबही तपासला नव्हता. टाकीतले जंतू मेलेत, हे त्या दुपारी फक्त मारणाऱ्याला माहीत होतं."

 देवरेंनी खिशातून रुमाल काढला, तो उगाच उलगडला आणि परत त्याची घडी घातली.

"मासे मरतील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "तलाव मोठा आहे, पाण्यात पाणी मिसळून जाईल असं धरून चाललो होतो. गेलो तर सगळे पांढरे. ही बाई काठावर बसून एकेक मासा उचलून बघत होती. मला म्हणाली, साहेब, पिल्लं परवा येणार आहेत, सोडू ना?" त्यांनी रुमाल खिशात ठेवला. "हो म्हणवलं नाही मला."

"पण का, साहेब?" सुनीलनं विचारलं. पहिल्यांदाच तो बोलला. "मी तर तुमच्याकडेच शिकलो."

देवरे त्याच्याकडे वळले.

"म्हणूनच. ही टाकी नायट्रोजन काढूच शकत नाही, दुसरा टप्पा बांधावा लागेल, असं मी वर्षानुवर्षं प्रत्येक बैठकीत सांगत आलो. नकाशे माझे. सगळे मान डोलवायचे. आणि तू चार व्हॉल्व्ह बंद केलेस, भंगारातला पंप लावलास, आणि झालं. माझ्या नाकासमोर सगळी वर्षं ही टाकी उभी होती रे. मला दिसलं नाही." त्यांनी टाकीकडे पाहिलं. "प्रयोग फसला असता तर मी चुकीचा ठरलो नसतो, एवढंच."

लंकाबाई उठली. ती देवरेंच्या जवळ गेली, तेव्हा सगळ्यांना वाटलं ती आता हात उगारणार.

"तुमाला देवमानूस म्हनले मी," ती म्हणाली. "गावात सांगत फिरले." आणि फाटकाच्या दिशेनं चालायला लागली.

६

अध्यक्षांनी त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली. देवरेंनी जबाब स्वतःहून दिला, एक शब्द न फिरवता. बायकांच्या गटाची भरपाई संघानं करायची ठरली. पुंजारामला पाण्याची रीतसर जोडणी मिळाली.

सुनीलला कामावर परत घेतलं, पण तो लगेच गेला नाही. आधी गावासमोर सांगा, म्हणाला. अध्यक्षांनी खडकमाळच्या पारावर उभं राहून सांगितलं, आणि ज्यानं शर्टाला हात घातला होता तो माणूस मागच्या मागे निघून गेला. मग सुनील आणि सवितानं दुसऱ्या केंद्रातला जिवंत गाळ टँकरनं आणून टाकीत सोडला. नुसतं वाट बघत बसलं असतं तर महिना गेला असता. विरजण घातल्यावर वस्ती झपाट्यानं वाढली. अमोनिया उतरला, मग नायट्रेटही. पुण्याला त्यावर पुढचं भाषण सवितानं दिलं. सुनील पहिल्या रांगेत बसून तिला पाहुण्यांच्या अवघड प्रश्नांची उत्तरं खुणेनं सुचवत होता, आणि ती त्याच्याकडे अजिबात बघत नव्हती.

ज्योत्स्नाबाईंनी संघाला फीऐवजी एक अट घातली. तलावात पाणी सोडायचं दार गावच्या हातात राहील, आणि पाणी तपासायची पेटीही. लंकाबाईनं सविताकडून चाचणी शिकून घेतली. पहिल्या दिवशी नळी हातातून निसटून फुटली. दुसऱ्या दिवसापासून ती बायकांना शिकवायला लागली.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ज्योत्स्नाबाई सहज खडकमाळला गेल्या. दाराशी सुनील आणि लंकाबाई उभे होते आणि दोघांचं जुंपलं होतं. लंकाबाईच्या हातात नळी होती. पाण्याला हळदीच्या बोटाएवढा पिवळा रंग आला होता.

"मावशी, हे नियमात बसतं," सुनील समजावत होता. "काल रात्रपाळीला एक व्हॉल्व्ह अडकला होता, तो आता सुटला. संध्याकाळपर्यंत पाणी एकदम फिकं होईल. तोवर सोडलं तरी चालतं. मी इंजिनीअर म्हणून सांगतो."

"तू चांगला इंजिनेर हायेस."

"मग?"

"मग संध्याकाळी सोड."

सुनीलनं मदतीसाठी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. बाईंनी नळी उजेडात धरली, रंग पाहिला आणि ती लंकाबाईच्या हातात परत दिली.

"दार त्यांचं आहे," त्या म्हणाल्या.

लंकाबाईनं पदर कमरेला खोचला, लोखंडी चाकाला दोन्ही हातांनी धरलं आणि ते दार बंद होईपर्यंत फिरवलं.